हिरव्या आल्याची गल्ली

हल शहरात एक गल्ली आहे,
तिचं नाव हिरव्या आल्याचा मुलूख.
का, ते कुणालाच नक्की सांगता येत नाही.
पाटी मात्र जागच्या जागी,
कुणी उतरवा म्हटलेलं नाही.

माझं ऑफिस तिथून चार मिनिटांवर.
खाली मासे तळण्याचा वास,
वर दुसऱ्या मजल्यावर मी मराठी राखते.
म्हणजे कुठेही कुणी मराठीत काही लिहिलं
आणि यंत्राला टोचलं,
की ते माझ्या पडद्यावर येतं
आणि कोपऱ्यात आकडा उतरू लागतो :
चाळीस, एकोणचाळीस...
राहू दे, किंवा काढ.
तिसरं बटण नाही.

पहिल्याच आठवड्यात आली छबू लोंढे.
नातवाच्या फोटोखाली लिहून गेलेली :
मुडदा बशिवला तुझा, किती रं वाळलास!
यंत्र म्हणालं, जिवे मारण्याची धमकी,
खात्री ब्याण्णव टक्के.
मी ग्लेनिसला समजावलं,
आमच्याकडे माया कधी कधी
तोंड वाईट करूनच दारात येते.
ती म्हणाली, माझी आजीपण कातडं सोलायची माझं,
रोज, चहाच्या आधी.
पण हे बसवू कुठल्या नियमात?
नियम सापडेपर्यंत आकडा संपला.
छबूबाई सात दिवस मुकी.

मग प्रमिला जगधने.
भाऊ मैल्याच्या टाकीत उतरला,
वर आला तो दोरीने.
तिने फोटो टाकला, ठेकेदाराचं नाव, तारीख,
आणि एकच शब्द : बघा.
यंत्र म्हणालं, विचलित करणारं दृश्य.
अहो, मग कशासाठी टाकलाय तिने?
मी राहू दे दाबलं. वरून कुणीतरी काढलं.
तिने दाद मागितली.
मी पुन्हा राहू दे, त्यांनी पुन्हा काढलं.
कारण : समाजाच्या मानकांचा भंग.
कुठला समाज,
ते लिहायला रकाना नव्हता.

आणि त्याच दुपारी, डबा खाताना,
यंत्राला मुळीच न टोचलेलं एक,
कुणा बाईने तक्रार केली म्हणून आलेलं :
ताई, नमस्कार.
आपली कन्या साडेपाचला क्लासहून निघते ना?
पिवळी सायकल छान आहे.
काळजी घ्यावी.

यंत्राचा शेरा : शुभेच्छा. धोका शून्य.
एक शिवी नाही. ऱ्हस्वदीर्घ चोख.
घास हातातच राहिला.
काढ दाबलं, पोलिसांकडे पाठवायची खूण केली,
आणि ती खूण कुठे जाते
हे इथे कुणालाच माहीत नाही हे आठवलं.

बसथांब्यावर बोझेना विचारते,
तू नक्की कुठल्या बाजूची?
बोलू द्या म्हणणाऱ्यांच्या, की आवरा म्हणणाऱ्यांच्या?
तिच्या आजोबांना पोलंडात पत्रं यायची
ती उघडलेली, वर शिक्का मारलेला.
निदान शिक्का तरी होता, म्हणते ती,
कुणीतरी हाताने मारलेला.
मी समोरच्या टेलिफोनच्या खोक्याकडे बघते.
या शहरात ती लाल नाहीत, सायीच्या रंगाची आहेत.
दार लावून माणूस आत बोलायचा,
बाहेरच्याला ओठ दिसायचे फक्त.
तिला मी म्हणते, मला तिसरं बटण हवंय,
थांब म्हणणारं,
आणि खाली ज्याने दाबलं त्याचं नाव.
बस येते. ती चढते. माझी वेगळी.

आठव्या दिवशी छबूबाई परतली.
आले गं बया!
तोंडाला कुलूप लावणारा कोण तो मेला,
त्याच्या हाताला झडती लागो.
यंत्राने लाल केलं : छळ, धमकी, खात्री अठ्ठ्याण्णव.
मेला म्हणजे मीच.
हाताकडे एकदा पाहिलं
आणि दोन सेकंदांत राहू दे दाबलं.
उरलेले अडतीस
मी ते परत परत वाचत बसले.

प्रमिलाच्या भावाच्या जागी
अजून करडा चौकोन आहे.